शहरात चालवायला जुनी डिझेल घेतोयस? मग हे बघ

भावा, आधी सांग महिन्याचं रनिंग किती? रोज हडपसर ते कॅम्प एवढंच असेल तर खरं सांगतो, पेट्रोल नाहीतर सीएनजी बघ. तरी डिझेलच हवी असेल तर एप्रिल २०२० च्या आधीची बीएस फोर बघ (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी नियम, फोर जुने, सिक्स नवे), कारण बीएस सिक्समध्ये डीपीएफ आला, म्हणजे सायलेन्सरच्या लाइनीत काजळी अडवणारा फिल्टर, तो साफ व्हायला गाडी हायवेला थोडा वेळ एका स्पीडने पळावी लागते आणि नुसती सिग्नल टू सिग्नल चालवली की तो चोक होतो, मग डॅशबोर्डवर लाइट लागतो आणि गॅरेजवाला खिसा मोकळा करतो. अशी बीएस सिक्स गाडी बघायला गेलासच तर डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल मोजायची पट्टी, काढ, ऑइल वरच्या मार्कच्या पण वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर अर्धवट रिजनरेशनमुळे, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळायचं काम मधेच तुटल्यामुळे, डिझेल ऑइलमध्ये उतरलंय, तिथूनच माघारी फिर.

बीएस फोरमध्ये मला स्विफ्ट, डिझायरचं १.३ इंजिन आवडतं, पार्ट कुठंही मिळतात, फक्त २००० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो, गाडी ओढत नाही, ट्रॅफिकमध्ये जाम वैताग येतो. मालकाला आधीच सांग की मी यायच्या आत गाडी चालू करू नका, बोनेटला हात लावून बघ, गारच पाहिजे, मग स्टार्टर मार, गार इंजिन कसं चालू होतं तेच बघायचंय. क्लच जड लागला तर भाव पाड. आणि दिल्लीला बदली व्हायचा चान्स असेल तर नादच सोड, तिथे १० वर्षांवरच्या डिझेलची वेगळीच भानगड आहे.