हे जेवतच नाहीत हो मॅडम, काय करू?

पेशंटचा कॅन्सर पसरलाय, केमो बंद झालीय, अशा वेळी बायका मला सगळ्यात जास्त हेच विचारतात. म्हणून एका ताईंबद्दल लिहिते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

नवऱ्याला फुफ्फुसाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत गेलेला. ताई पहाटे उठून नाचणीचं सत्त्व, मुगाचं कढण, दुपारी पायाचं सूप, सगळं करायच्या आणि ते दोन घास घेऊन तोंड फिरवायचे, मग ह्या चिडायच्या, ते गप्प व्हायचे, रात्री ह्या स्वयंपाकघरात जाऊन रडायच्या. त्यात नणंदेचा रोज फोन, दादाला नीट खायला घालतेस ना. मला म्हणाल्या, माझ्याच हाताने उपाशी चाललेत असं वाटतं.

आधी त्यांना म्हटलं, डॉक्टरांना चार गोष्टी विचारून या. तोंडात पांढरा थर किंवा फोड आहेत का, मळमळ आहे का, दुखणं आटोक्यात आहे का, पोट साफ होतंय का. मॉर्फिन, म्हणजे दुखण्यावरचं औषध, चालू असलं की बद्धकोष्ठता होतेच, सोबत पोट साफ होण्याचं औषध लागतं, आणि पोट गच्च असलं तर कुणाला भूक लागणार? यांच्याकडे नेमकं तेच निघालं. औषधाने थोडा आराम पडला, पण जेवण काही फार वाढलं नाही.

मग त्यांना खरं ते सांगावं लागलं. या टप्प्यावर आजारच भूक मारतो आणि स्नायू झिजवतो, बळेबळे भरवलेलं अंगी लागत नाही, उलट उलटी होते, ठसका लागतो. म्हणजे ते उपाशी राहिले म्हणून आजार वाढत नाहीये, आजार वाढलाय म्हणून भूक गेलीय. ताई म्हणाल्या, मग सलाईन तरी लावू? पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम, त्यातून ताकद येत नाही, आणि शेवटी शेवटी तेच पाणी अंगावर सूज आणतं, छातीत भरतं.

नंतर दोघांना एकत्र बसवलं. ते म्हणाले, "हिचं तोंड बघून घास घेतो मी, नाहीतर मला ताटाचा वाससुद्धा सहन होत नाही." ताईंना हे पहिल्यांदाच कळत होतं. काय चालेल विचारलं तर म्हणाले गार ताक, वाटीभर, तेही मी मागेन तेव्हा.

पण ताट बंद केल्यावर ताईंचे हात रिकामे झाले, ते जास्त अवघड होतं. दिवसभर मी करू तरी काय, म्हणाल्या. मग त्या ओल्या कापसाने त्यांचे ओठ पुसायला लागल्या, संध्याकाळी पायांना खोबरेल तेल लावायला लागल्या, आणि तेल लावता लावता दोघं बोलायला लागले, पासबुकांचं, मुलीच्या लग्नाचं, गावच्या घराचं, जे महिनोन्महिने टाळलं होतं ते सगळं. आणखी एक, ते जेवत नाहीत म्हणून ताई स्वतःही धड जेवत नव्हत्या, हे मी खोदून विचारलं तेव्हा कळलं. तुम्हीही स्वतःला विचारा, शेवटचं पोटभर कधी जेवलात?

नणंदेला उत्तर मात्र ताईंच्या नवऱ्यानेच दिलं. फोन स्पीकरवर घ्यायला लावला आणि म्हणाले, "अगं मलाच जात नाही, हिला काही बोलू नकोस. जमलं तर चार दिवस येऊन राहा, हिला झोप मिळेल." ती आली, आठवडाभर राहिली.