'से' की 'टेल'? आधी एवढं पक्कं करा

इंग्रजीत 'बोलणे'साठीच्या समानार्थी शब्दांची लांबलचक यादी पाठ करायला घेतलीत, ती आधी बाजूला ठेवा. सुरुवातीला चारच शब्द पुरेत, आणि ते मराठीत आपण रोज वेगळे वापरतोच:

- म्हणणे: से
- सांगणे: टेल
- गप्पा मारणे: टॉक
- भाषा बोलणे: स्पीक

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या दोघांत होतो. 'त्याने मला सांगितलं' मधला 'ला' डोक्यात असतो, म्हणून 'ही टोल्ड टु मी' तोंडातून निघतं. 'टेल'नंतर माणूस थेट येतो: 'ही टोल्ड मी'. 'से'चं उलट. 'ही सेड मी' चुकीचं. 'ही सेड टु मी' म्हणा, नाहीतर माणूस गाळून नुसतं 'ही सेड ही वॉज टायर्ड'.

काही जोड्या मात्र घोकाव्याच लागतात. 'टेल द ट्रुथ', 'टेल अ लाय', पण 'से सॉरी', 'से थँक यू'. इथे तर्क लढवू नका.

'ही', 'शी'सोबत 'से'चं 'सेज' (says) होतं, त्याचा उच्चारही सांभाळा. 'से'मधला लांब स्वर इथे आखूड होतो, 'सेझ' असा, 'सेड'चंही तसंच.

'मेन्शन', 'स्टेट' वगैरे मंडळी महिनाभर थांबली तरी चालेल.