डिफॉल्ट म्हणजे कसूर

प्रश्न असा आहे : फेडोरा या लिनक्सवर डीएनएफ, म्हणजे सॉफ्टवेअर बसवायचं-काढायचं साधन, वापरणाऱ्यांसाठी मराठीत टिपण लिहायचं आहे, डिफॉल्ट ऑप्शन कुठे बदलायचे ते सांगायचं आहे, तर 'डिफॉल्ट'ला 'मूलभूत' म्हणावं की 'पूर्वनिर्धारित'?

'मूलभूत' मुळीच नको. मूलभूत हक्क असतात, गरजा असतात. नुसतं एंटर दाबलं की 'नाही' धरायचं, यात मूलभूत ते काय? 'पूर्वनिर्धारित' परिभाषावाल्यांचा लाडका, पण अर्धंच सांगतो. आधी ठरलेला तर लग्नाचा मुहूर्तही असतो. डिफॉल्टचं मर्म 'आधी'त नाही, तुम्ही काही बोलला नाहीत यात आहे.

लॅटिन 'फालेरे' म्हणजे चकवणं, चुकणं. त्यावरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत डिफॉल्ट आला तो 'उणीव' या अर्थाने. मग कोर्टात तारखेला हजर न राहणं म्हणजे डिफॉल्ट, आणि तुमच्या गैरहजेरीत लागतो तो डिफॉल्टने निकाल. कॉम्प्युटरवाल्यांचा डिफॉल्ट तोच : तुम्ही गप्प, निकाल लागला.

आता खरी गंमत. आपल्या कायद्याच्या मराठीत डिफॉल्टला 'कसूर' म्हणतात, डिफॉल्टरला 'कसूरदार'. मूळ अरबी 'कुसूर'. धातूचा अर्थ आखूड होणं, कमी पडणं. प्रवासात नमाज आखूड करतात, त्या 'कस्र'चा धातूही हाच. म्हणजे लॅटिनवाले आणि अरबीवाले आपापल्या वाटेने निघून एकाच उणिवेपाशी पोचले!

इथे कोणीतरी हमखास सांगतं की 'कसर' आणि 'कसूर' एकच. अजिबात नाही. कसरची अरबी अक्षरं काफ-सीन-रे, अर्थ मोडणं, म्हणून तुकडा, अपूर्णांक, तूट. कसूरमधला क घशातला, आणि स म्हणजे सीन नव्हे, साद हे वेगळं अक्षर. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात म्हणून व्युत्पत्ती एक होत नाही. अर्थ जवळ आले, एवढंच. ठासून सांगण्याआधी या विद्वानांनी एकदा अरबी कोश उघडावा.

डीएनएफने मात्र तुम्ही गप्प राहणं आणि तुम्हाला न विचारणं यांतला फरक नेमका जपलाय. एरवी ते 'हे करू का?' असं विचारतं तेव्हा कंसात वाय (येस) छोटा आणि एन (नो) मोठा असतो. रिकामं एंटर म्हणजे नकार. 'डिफॉल्टयेस' हे सेटिंग ट्रू, म्हणजे चालू, केलं की वाय मोठा होतो, एंटर म्हणजे होकार. पण विचारतं जरूर. 'असूमयेस' हे दुसरं सेटिंग ट्रू केलं तर विचारतच नाही. पहिल्यात तुम्ही कसूर करता, दुसऱ्यात तुम्हाला बोलायला जागाच नाही. दोन्हींना सरसकट 'बाय डिफॉल्ट येस' म्हणणारे ऐकले की डोकं फिरतं.

हां, तुमचं टिपण. ईटीसीखालच्या डीएनएफ फोल्डरात डीएनएफ डॉट कॉन्फ ही फाइल असते, तिच्यात 'मेन' या मथळ्याखाली डिफॉल्टयेसची ओळ टाकायची. एका वेळेपुरतं बदलायचं तर कमांडलाच 'सेटऑप्ट' जोडायचं. टिपणाच्या मथळ्यात सरळ 'डिफॉल्ट' लिहा. तक्त्यात 'न सांगितल्यास' असा रकाना करा आणि डिफॉल्टयेसपुढे 'फॉल्स' भरा.