शेवटच्या गाडीलाच का पळावे लागते?

मोटारसायकलवरून ग्रामीण रस्त्यांवर एका दिवसाची सामूहिक राइड करणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे, कारण उरलेल्यांच्या अडचणींचे धागेदोरे बऱ्याच अंशी त्यातच सापडतात.

प्रश्न : मी आठ महिन्यांपूर्वी मोटारसायकल शिकले. गेल्या महिन्यात अकरा जणांच्या ग्रुपबरोबर प्रथमच दिवसभराच्या राइडला गेले. “तू नवीन आहेस, मागून आरामात ये,” असे सांगून मला सर्वांत शेवटी ठेवण्यात आले. पुढे असलेले दादा साठच्या वर गेलेच नाहीत असे नंतर सगळे सांगत होते. माझा काटा मात्र कित्येकदा ऐंशीच्या पुढे गेला होता. एका वळणावर गाडी विरुद्ध बाजूला गेली. समोरून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. चूक माझी की मला दिलेल्या जागेची?

उत्तर : मुख्यतः जागेची, आणि त्याहून अधिक ती जागा देणाऱ्यांच्या समजुतीची. शेवटची जागा आरामाची असते हा समज सगळ्याच ग्रुपमध्ये इतका पक्का बसलेला आहे की तो चुकीचा असल्याचे फक्त शेवटी असलेल्यालाच कळते, आणि तो नवखा असल्यामुळे बोलत नाही.

अकरा गाड्यांच्या रांगेत दहा अंतरे असतात. वाटेत गाव लागते, गतिरोधक येतो, सगळे वेग कमी करतात. पहिली गाडी तो ओलांडून वेग घेते, दुसरी तिला पाहून आणि तिसरी दुसरीला पाहून. या साखळीत प्रत्येकाच्या हातून एक सेकंद जरी निसटला, तरी तुमच्यापर्यंत येईतो त्याचे दहा सेकंद झालेले असतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते, म्हणजे तुम्ही सुमारे 167 मीटर मागे पडलात. एवढे अंतर ताशी 80 च्या वेगाने भरून काढायचे म्हटले, तर अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्या वेळात गाडी सुमारे 670 मीटर रस्ता कापते. ग्रामीण रस्त्यावर एवढ्या पट्ट्यात एकही वळण, फाटा, गुरे किंवा शेतातून बाहेर येणारा ट्रॅक्टर आडवा येणार नाही, असे सहसा घडत नाही. शिवाय तुम्ही रांगेला भिडता न भिडता तोच पुढचा गतिरोधक येतो आणि सगळा खेळ पहिल्यापासून सुरू होतो. दादा साठच्या वर गेले नाहीत हे खरे, आणि तुम्हाला ऐंशीने पळावे लागले हेही तितकेच खरे.

साठ आणि ऐंशी यांतला फरक काट्यावर लहान दिसतो, वळणावर तो लहान राहत नाही. 50 मीटर त्रिज्येचे वळण ताशी 60 ने घेताना गाडी हिशेबाने सुमारे 30 अंश कलावी लागते. तेच वळण ताशी 80 ने घ्यायचे तर 45 अंश. तीस अंशांपर्यंत कलणे सरावाने जमते, पण पंचेचाळीस अंश होण्याआधीच अनेक साध्या गाड्यांचे फूटरेस्ट रस्त्याला घासू लागतात. थांबण्याचे गणितही याच चालीचे आहे. कोरड्या डांबरी रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने आणि प्रतिसादाला एक सेकंद धरून, साठच्या वेगाने जाणारी गाडी सुमारे 37 मीटरांत थांबते, ऐंशीने जाणारीला सुमारे 57 मीटर लागतात.

आता तुमच्याकडे येणाऱ्या वाट्याबद्दल. रांगेतून चालताना नवख्या चालकाची नजर पुढच्या गाडीच्या लाल दिव्याला चिकटते. तो दिवा पेटला की आपण ब्रेक लावतो, तो विझला की सोडतो. वळण आपण पाहतच नाही, ते आपल्यासाठी पुढचा पाहत असतो. त्याची गाडी वेगळी, त्याचा सराव वेगळा, आणि त्याचाही अंदाज चुकू शकतो. रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूवर नजर ठेवावी. तो बिंदू आपल्याकडे सरकत येतो आहे असे वाटले तर वळण आवळत चालले आहे, म्हणून वेग कमी करावा; तो दूर पळू लागला की वळण उलगडते आहे असे समजावे. वेग कमी करण्याचे काम वळणात शिरण्यापूर्वी, गाडी सरळ उभी असतानाच उरकावे.

आणखी एक गोष्ट ग्रुपमध्ये कोणी सांगत नाही. गावातून ताशी 20 ने जाताना एका सेकंदाचे अंतर म्हणजे साडेपाच मीटर. तेच एक सेकंद साठच्या वेगाला 17 मीटरांचे होते. म्हणजे गाव संपल्यावर पुढची गाडी लांब जाताना दिसते ते बहुतेक वेळा योग्यच असते. तुम्ही मागे पडलेल्या नसता, रांग तिच्या नेहमीच्या लांबीवर येत असते. तरीही मनात धस्स होते आणि मनगट फिरते.

यावर साधा उपाय म्हणजे नवख्या चालकाला लीडच्या लगेच मागे, दुसऱ्या क्रमांकावर ठेवणे. लीडने आरशात पाहत आपला वेग त्याच्या वेगाला जुळवावा. मागचे अनुभवी लोक रांगेची ओढाताण सहज पचवतात. मात्र रस्ता फाट्यांचा असेल, तर याहून चांगली पद्धत आहे, आणि प्रत्येक ग्रुपने ती निदान एकदा करून पाहावी असे माझे मत आहे. वळायचे असेल त्या प्रत्येक फाट्याच्या थोडे आधी लीड हाताने खूण करतो. त्याच्या मागचा चालक रस्त्याच्या कडेला, सगळ्यांना दिसेल अशा सुरक्षित जागी थांबतो आणि वळायची दिशा दाखवतो. बाकीचे त्याला पाहून वळत जातात. सर्वांत शेवटी स्वीप, म्हणजे रांगेची पिछाडी सांभाळणारा अनुभवी चालक येतो. तो दिसला की थांबलेला चालक त्याच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर हे काम आपोआप दुसऱ्या कोणाकडे जाते. नियम दोनच आहेत : फाट्यावर कोणी उभे नसेल तर सरळ जात राहायचे, आणि स्वीप आल्याशिवाय उभ्या माणसाने जागा सोडायची नाही, मग अर्धा तास लागला तरी चालेल. या पद्धतीत नवख्या माणसाला दुसऱ्या क्रमांकावर ठेवता येत नाही, कारण पहिल्याच फाट्यावर त्याला थांबावे लागेल. त्याला स्वीपच्या पुढे ठेवावे. येथे ती जागा खरोखर आरामाची ठरते, कारण पुढची गाडी दिसेनाशी झाली तरी वाट चुकण्याची भीती उरत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या नऊ जणांच्या राइडमध्ये तीन गाड्या गेल्यावर रेल्वे फाटक पडले. मालगाडी लांबलचक होती. फाटक उघडल्यावर मागे राहिलेल्या सहा जणांनी, त्यांत मीही होतो, पुढच्यांना गाठण्यासाठी ज्या वेगाने गाड्या हाणल्या त्याची आजही लाज वाटते. पुढचे तिघे पहिल्याच वळणावर झाडाखाली बसले होते. ते थांबणार आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हते, कारण निघताना कोणी तसे बोललेच नव्हते.

प्रश्न : आमच्या ग्रुपमध्ये गाड्या नेहमी नागमोडी रांगेत, म्हणजे एक मार्गिकेच्या उजव्या भागात आणि पुढची डाव्या भागात, अशा चालवाव्यात असा दंडक आहे. घाटवळणांतही तो पाळायचा का?

उत्तर : नाही. नागमोडी रांग ही सरळ, रुंद आणि स्वच्छ रस्त्याची व्यवस्था आहे. तिरक्या दिशेला असलेल्या गाडीपासून एक सेकंद आणि थेट पुढच्या गाडीपासून दोन सेकंद असे अंतर राखले की रांग आटोपशीर राहते आणि प्रत्येकासमोर थांबायला मोकळी जागाही उरते. वळणात मात्र चालकाला मार्गिकेची पूर्ण रुंदी लागते. बाहेरच्या बाजूने शिरणे, पुढचे दिसले की आत येणे, खडी दिसली की हातभर सरकणे, हे सारे त्याच्या मर्जीवर असायला हवे. तेथे ठरवून दिलेल्या अर्ध्या पट्टीत कोंबून घेणे म्हणजे हे स्वातंत्र्य सोडून देणे. म्हणून वळणे, अरुंद रस्ते, खराब डांबर आणि ओव्हरटेक या चारही ठिकाणी गाड्या एकामागे एक असाव्यात आणि थेट पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंद दूर असाव्यात. ओव्हरटेक प्रत्येकाने स्वतः रस्ता पाहून करावा. पुढच्याला जागा मिळाली म्हणून ती आपल्यालाही मिळेल असे नसते.

दहाहून अधिक गाड्या असतील तर पाच-सहांचे दोन गट करावेत आणि दोन्ही गटांत काही मिनिटांचे अंतर ठेवावे. लांब रांग ओलांडू पाहणारा मोटारचालक मध्येच अडकला की तो रांगेत घुसतो, आणि त्यात सर्वाधिक धोका आपल्यालाच असतो.

खडीचा उल्लेख आलाच आहे, तर ग्रामीण रस्त्याबद्दल दोन शब्द. वळणाच्या आतल्या कडेला चाकांनी फेकलेली बारीक खडी साचते. शेतातून निघालेला ट्रॅक्टर आपल्या चाकांतली माती रस्त्यावर काही अंतरापर्यंत सोडत जातो. सकाळच्या दवात ती माती साबणासारखी निसरडी होते आणि झाडांच्या सावलीत उशिरापर्यंत तशीच राहते. डांबरावर मातीचे ताजे पट्टे दिसले की ते कोणत्या बांधावरून सुरू झाले ते पाहावे, कारण ट्रॅक्टर बहुधा फार लांब गेलेला नसतो. एक जनावर रस्ता ओलांडून गेले तर दुसरे त्याच्या मागे येणार असे धरूनच चालावे. कुत्रा गाडीच्या रोखाने धावत आला तर आधी वेग कमी करावा आणि तो जवळ येताच वेग वाढवून निघून जावे. त्याने बांधलेला अंदाज चुकतो. लाथ मारण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रश्न : मी ग्रुपचा लीड आहे. एक सदस्य दर राइडला सगळ्यांना ओलांडून माझ्याही पुढे जातो. सांगून पाहिले, उपयोग झाला नाही.

उत्तर : त्याचा पाठलाग करू नका आणि आपला वेग तसूभरही वाढवू नका. पुढच्या वेळी निघताना जेवणाचे ठिकाण सांगून टाका आणि त्याला सर्वांसमोर, रागावून नव्हे, सांगा की तू थेट तिथेच भेट. काहींना एकट्यानेच गाडी चालवायची असते आणि जेवताना मात्र सोबत लागते. त्यात गैर काही नाही, फक्त त्यांनी रांगेत येऊ नये.

प्रश्न : माझे वय 58 आहे. तरुणांच्या ग्रुपबरोबर 250 किलोमीटरची राइड करतो. दुपारनंतर हाताची बोटे बधिर होतात, आणि जेवणानंतर डोळे जड होतात. वयामुळे मी आता हे सोडावे का?

उत्तर : वयाला दोष देण्यापूर्वी ब्रेक आणि क्लचचे लिव्हर पाहा. गाडीवर नेहमीसारखे बसा, हात हँडलवर ठेवा आणि बोटे सरळ करा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक सरळ रेषा व्हायला हवी आणि लिव्हर त्या रेषेत, बोटांच्या खाली यायला हवा. लिव्हर वर चढलेला असेल, तर दर वेळी ब्रेकसाठी मनगट मागे मोडते, आणि दिवसभर मोडलेल्या मनगटातली नस दाबली जाते. त्याची पकड ज्या बोल्टने आवळलेली असते तो सैल करून लिव्हर खाली फिरवता येतो. दहा मिनिटांचे काम आहे. दुसरे कारण म्हणजे मूठ घट्ट आवळण्याची सवय. गुडघ्यांनी टाकी धरली की शरीराचा भार हातांवर येत नाही आणि मूठ आपोआप सैल पडते. एवढे करूनही मुंग्या घरी आल्यावर, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी टिकत असतील, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

दुपारच्या झोपेचे म्हणाल, तर शरीराची लय त्या वेळी मंदावते, जेवण हलके असले तरी. त्यात हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याच्या घोंगावण्याची भर पडते. महामार्गाच्या वेगाला हा आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो आणि तासन्‌तास ऐकून माणूस थकतो, हे त्याच्या लक्षातही येत नाही. नियमात बसत असेल तर फोमचे इअरप्लग वापरून पाहा. हॉर्न आणि सायरन त्यांतूनही ऐकू येतात. तासाभराने थांबणे, तहान लागण्यापूर्वी पाणी पिणे, आणि सर्दीचे झोप आणणारे औषध त्या दिवशी न घेणे, हे तुम्हाला माहीत असेलच. डुलकी आवरत नसेल तर वीस मिनिटे झाडाखाली आडवे व्हा. उघड्या व्हायझरचा वारा झोप घालवत नाही.

तरुण मंडळी 250 किलोमीटर जाणार असतील तर तुम्ही 150 वर परत फिरू शकता. तसे सकाळीच सांगून ठेवावे आणि प्रत्यक्ष फिरताना स्वीपला भेटूनच फिरावे. नाहीतर तुम्हाला शोधत तो आल्या रस्त्याने मागे जाईल, आणि पुढच्या फाट्यावर कोणीतरी त्याची वाट पाहत उन्हात उभा राहील.