घरी बनवलेल्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने कापणाऱ्या यंत्रावर) चौकोन तिरका कापला जातो. काय तपासावे आणि व्हिडिओत काय दाखवावे?

चौकोन तिरका येण्याचे कारण बहुधा मोटारींत किंवा जीआरबीएलच्या (मोटारी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंगमध्ये नसून गॅन्ट्रीच्या, म्हणजे कापणारे हत्यार पेलून सरकणाऱ्या आडव्या सांगाड्याच्या, जोडणीत असते. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळीच्या) सपाट तुकड्यावर व्ही-बिटने, म्हणजे टोकदार कापणीच्या पात्याने, 300 बाय 400 मिमी आयताच्या चार कोपऱ्यांवर बारीक टिंब पाडून दोन्ही कर्ण मोजावेत. एक कर्ण लांब आणि दुसरा आखूड भरला, तर गॅन्ट्रीचे बोल्ट सैल करून तिची एक बाजू किंचित सरकवावी आणि टिंब नव्याने पाडून पुन्हा मोजावे. कर्ण सारखे असूनही 500 मिमी भरत नसतील, तर प्रतिमिलिमीटर स्टेप्सचा, म्हणजे एक मिमी सरकायला मोटारीला लागणाऱ्या टप्प्यांचा, आकडा तपासावा: एका फेऱ्यात 200 स्टेप्सची मोटार, 16 मायक्रोस्टेप (एका स्टेपचे 16 भाग) आणि एका फेऱ्यात 8 मिमी सरकवणारा स्क्रू असल्यास तो 400 येतो.

व्हिडिओत माझ्या मते कर्ण मोजण्याचा हाच भाग सर्वांत सावकाश दाखवावा, पट्टीवरील रेघा वाचता येतील इतका कॅमेरा जवळ आणावा आणि पहिले चुकलेले मापही काढून टाकू नये, कारण शिकणारा नेमका तिथेच अडकतो. एमडीएफची बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक असल्यामुळे मास्क आणि गॉगल मात्र चित्रीकरणातही उतरवू नयेत.