कार्डाची फी राहू द्या, आधी गोळ्यांच्या डब्या आणा

वैद्यकीय गांजाच्या कार्डाबद्दल (डॉक्टरांच्या शिफारशीवर राज्य देतं ते, गांजा औषध म्हणून घेऊ देणारं ओळखपत्र) अमेरिकेतल्या मराठी घरांतून पत्रं येतच असतात, आणि गोंधळ तेच ते असतात. म्हणून यावेळी सगळी एकदम घेतली आहेत. मी फिलाडेल्फियाजवळच्या एका डिस्पेन्सरीत, म्हणजे वैद्यकीय गांजाच्या परवानाधारक दुकानात, फार्मासिस्ट आहे. डॉक्टर नाही, वकील तर नाहीच, हे धरून पुढचं वाचा. शिवाय 'अमेरिकेचं मेडिकल कार्ड' अशी काही वस्तू नाही. प्रत्येक राज्याचं कार्ड वेगळं, फी वेगळी, आजारांची यादी वेगळी. तुमच्या ॲरिझोनातल्या मावसभावाने काय केलं ते पेनसिल्व्हेनियात उपयोगाचं नाही.

प्रश्न : न्यूयॉर्कमध्ये कार्डाची फी किती?

शून्य. पूर्वी ५० डॉलर होती, राज्याने ती कायमची माफ केली. तपासणाऱ्या डॉक्टरांची फी वेगळी, ती आधीच विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. नवऱ्याला मणक्याचं जुनं दुखणं आहे. सगळं धरून कमीत कमी खर्च किती येईल?

राज्याची फी वर्षाला ५० डॉलर. मेडिकेड, स्नॅप, विक, पेस किंवा पेसनेट यांपैकी एखाद्या सरकारी मदत योजनेत असाल तर ती कमी किंवा माफ होते, पण अर्जात तसं सांगावं लागतं. डॉक्टरांची फी सहसा शंभर ते दोनशे डॉलरच्या दरम्यान असते, आणि घासाघीस करायची तर तिथेच. राज्याच्या आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत डॉक्टरांची यादी आहे. त्यातल्या तीन-चार ठिकाणी फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: पहिल्या भेटीचे किती, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणाचे किती. दुसरा आकडा कोणी विचारत नाही आणि दरवर्षी खिसा तोच कापतो.

एक बारीक गोष्ट, पण यात अर्ज अडकलेले मी कितीतरी पाहिले आहेत. नोंदणीतलं नाव आणि पत्ता तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सशी तंतोतंत जुळायला हवा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, पासपोर्टवर ते पूर्ण, लायसन्सवर नुसतं 'आर', आणि बँकेत आणखी तिसरंच. अर्ज भरताना लायसन्स समोर ठेवा आणि त्यावर आहे तसंच उतरवा. घर बदललं असेल तर आधी लायसन्सवरचा पत्ता बदला.

तीव्र जुनाट वेदना राज्याच्या यादीत आहे. मात्र नवऱ्याचं दुखणं त्यात बसतं की नाही हे ठरवणार डॉक्टर. जुने एमआरआय आणि कागदपत्रं बरोबर न्या, म्हणजे दुसऱ्या भेटीचे पैसे वाचतील.

प्रश्न : एका संकेतस्थळावर '३९ डॉलरमध्ये दहा मिनिटांत कार्ड, पन्नासही राज्यांत चालेल' अशी जाहिरात आहे. घ्यावं का?

नाही. पन्नासही राज्यांत चालणारं कार्ड अस्तित्वातच नाही. पैसे भरून मिळेल तो छापील प्लास्टिकचा तुकडा. तो घेऊन लोक माझ्या काउंटरवर येतात, आणि त्यांना परत पाठवायचं काम माझ्याकडे येतं.

जे अगदीच खोटे नसतात त्यांच्याही युक्त्या ठरलेल्या. मोठ्या अक्षरातला आकडा हा फक्त डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा असतो, राज्याची फी खाली बारीक अक्षरात. डॉक्टर तुमच्या राज्यात नोंदवलेला आहे का, याचा पत्ता नसतो. क्रेडिट कार्डचा नंबर एकदा दिला की पुढच्या वर्षीचे पैसे न विचारता कापले जातात. व्हिडिओवर तपासणी अनेक राज्यांत चालते, त्यामुळे 'ऑनलाइन म्हणजे लबाडी' असंही नाही. फ्लोरिडात मात्र पहिली तपासणी डॉक्टरांसमोर बसूनच व्हावी लागते. तिथल्या कुणाला घरबसल्या नवं प्रमाणपत्र द्यायला जो निघाला असेल, त्याचं दुकान कसलं आहे ते तुम्हीच ओळखा.

प्रश्न : टेक्सासमध्ये कार्ड कसं काढायचं?

टेक्सासात कार्ड नाही. नोंदणीकृत डॉक्टर राज्याच्या यादीत तुमचं नाव आणि औषध चढवतात, त्यासाठी राज्य फी घेत नाही. 'टेक्सास कार्ड' विकणाऱ्याला पैसे देऊ नका.

प्रश्न : आरोग्य विम्यातून खर्च मिळतो का? एचएसएमधून (आरोग्यखर्चाच्या करमुक्त बचत खात्यातून)?

दोन्हीचं उत्तर नाही. केंद्राच्या कायद्यामुळे डॉक्टर गांजाचं प्रिस्क्रिप्शन लिहीत नाहीत, फक्त शिफारस करतात, आणि शिफारशीवर विमा पैसे देत नाही.

पण याच कुळातली काही औषधं एफडीएने, म्हणजे केंद्राच्या औषध नियामक खात्याने, मान्य केलेली आहेत. ड्रोनाबिनॉल १९८५ पासून आहे, केमोथेरपीतल्या मळमळीसाठी. एपिडिओलेक्स २०१८ मध्ये मान्य झालं, मुलांमधल्या काही चिवट फिट्ससाठी. ती साध्या प्रिस्क्रिप्शनवर मिळतात, विमा ती बरेचदा भरतो, आणि कार्ड लागतच नाही. तुमचा आजार त्यात बसत असेल तर कार्डाच्या मागे लागण्याआधी हे डॉक्टरांना विचारा. हा प्रश्न मला जवळजवळ कोणीच विचारत नाही.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, गुडघेदुखीने झोप लागत नाही. हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. कार्डाचा खर्च वाचवायला पेट्रोल पंपावरच्या दुकानातून सीबीडीच्या (गांजाच्या झाडातला नशा न आणणारा घटक) गमी, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, आणल्या. 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' असं मंडळातल्या एक जणी म्हणाल्या. चालेल ना?

चालणार नाही. डबी आजच बाजूला ठेवा आणि उद्या सकाळी त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. किती दिवस, किती गमी घेतल्या ते सांगा. नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, काळी शौच किंवा मोठे काळेनिळे डाग दिसत असतील तर उद्याचीही वाट पाहू नका, तडक इमर्जन्सीत न्या. रक्ताची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. झडपेच्या रुग्णाला ते दुसऱ्या बाजूने महागात पडतं.

आता कारण. झडपेनंतर बहुधा वॉरफरिन दिलेलं असतं. शरीरात ते मोडायचं काम यकृतातलं एक एन्झाइम करतं, आणि सीबीडी त्यालाच अडवतं. गोळी तेवढीच, पण रक्तात ती साठत जाते, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा) चढतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. सासूबाईंना यातलं काहीही जाणवणार नाही. उलट झोप लागली म्हणून त्या खूष असतील. फिटसाठी क्लोबाझाम घेणाऱ्यांत आणि किडनी बदलल्यावर टॅक्रोलिमस घेणाऱ्यांतही सीबीडीने औषधाची पातळी वर जाते. क्लोपिडोग्रेलची गोष्ट उलटी: ती गोळी यकृतातून गेल्यावर कामाला लागते, आणि तिथेच अडथळा आला तर तिचा असर कमी पडू शकतो.

'नैसर्गिक आहे' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. धोत्राही नैसर्गिकच आहे. आणि त्या डबीत नेमकं काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २०१७ साली जामा या वैद्यकीय नियतकालिकात ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी छापून आली होती. लेबलवरचं प्रमाण बरोबर निघालं ते फक्त २६ मध्ये, आणि १८ मध्ये टीएचसी सापडलं, म्हणजे नशा आणणारा घटक. ७१ वर्षांच्या बाईंच्या पोटात तो गेला की रात्री उठताना बीपी खाली येतं, तोल जातो. वॉरफरिनवरच्या माणसाने डोक्यावर पडणं म्हणजे काय, हे डॉक्टरांनाच विचारा.

गमीचं आणखी एक. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. खाल्लेला चढायला अर्धा ते दोन तास लागतात. तासाभरात काही झालं नाही म्हणून माणूस दुसरी खातो, मग दोन्ही मिळून चढतात आणि असर सहा-आठ तास उतरत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिलीच तर वयस्कर माणसाला मी टीएचसीच्या अडीच मिलिग्रॅमपासून सुरू करायला सांगते. दहा मिलिग्रॅमची गमी ताटलीत ठेवून सुरीने चार तुकडे, त्यातला एक, आणि त्या रात्री दुसरा नाही. वॉरफरिन चालू असेल तर त्या आठवड्यात आयएनआर जास्त वेळा तपासायचा, किती वेळा ते डॉक्टर ठरवतील.

आमच्या डिस्पेन्सरीत पहिल्या खरेदीआधी फार्मासिस्टशी बोलायचे पैसे लागत नाहीत. येताना गोळ्यांची यादी नको, डब्याच घेऊन या. बीपीच्या, शुगरच्या, पुण्याहून आलेल्या चूर्णाच्या, गुडघ्याच्या तेलाच्या, सगळ्या. कार्डाचे पैसे वाचवून पेट्रोल पंपावर गेलात की हे बोलणं नेमकं चुकतं.

प्रश्न : आई सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आली आहे. तिला माझ्या कार्डावर देऊ शकतो का?

नाही. कार्ड तुमचं, औषध तुमचं. पेनसिल्व्हेनियाचं कार्ड राज्यातल्या रहिवाशालाच मिळतं, आणि पुढच्या उत्तरातला धोका व्हिसावर आलेल्या माणसालाही आहेच. दुखण्यासाठी तिला साध्या डॉक्टरकडे न्या.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. राज्यात कायदेशीर आहे म्हटल्यावर काय हरकत?

राज्याचा कायदा आणि केंद्राचा कायदा वेगळे, आणि तुमचा व्हिसा केंद्राच्या हातात. गांजा १९७० पासून केंद्राच्या नियंत्रित पदार्थांत आहे. त्याला कमी कडक अनुसूचीत (नियंत्रणाच्या वर्गात) हलवायचा प्रस्ताव मे २०२४ मध्ये निघाला, त्यानंतर 'आता सगळं मोकळं झालं' असं मला बऱ्याच जणांनी सांगितलं. तसं झालेलं नाही. नागरिक नसलेल्या माणसाने नुसती कबुली दिली तरी देशात परत येणं किंवा ग्रीन कार्ड अडू शकतं, त्यासाठी शिक्षा झालेली असावीच लागते असं नाही. नागरिकत्व आणि इमिग्रेशन पाहणाऱ्या यूएससीआयएस या केंद्राच्या खात्याने एप्रिल २०१९ मध्ये लेखी सांगितलं की राज्यात चालत असलं तरी नागरिकत्वासाठी लागणाऱ्या सद्वर्तनाच्या अटीआड गांजाशी संबंधित वर्तन येऊ शकतं. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीतही हा प्रश्न निघतो, आणि तिथे खोटं बोलणं ही आणखी मोठी भानगड.

कार्ड काढू नका असं सांगण्याचा मला अधिकार नाही. पण अर्ज भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराचे पैसे द्या. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरचे वकील नकोत.

प्रश्न : न्यू जर्सीत दुकानात २१ पूर्ण झालेल्या कुणालाही गांजा मिळतो. मग कार्ड काढून फायदा काय?

वापर किती आहे त्यावर. न्यू जर्सीत जुलै २०२२ पासून कार्डधारकाला विक्रीकर नाही. तो आहे ६.६२५ टक्के. समजा डॉक्टर आणि कार्ड मिळून वर्षाला १५० डॉलर पडले, तर ते नुसत्या या करातून वसूल व्हायला वर्षाची खरेदी साधारण २,२५० डॉलरच्या पुढे जायला हवी. महिन्याला एखादी डबी घेणाऱ्याचं ते गणित जमत नाही. इलिनॉयमध्ये कार्डावर एक टक्का, बिनकार्डाच्या मालावर प्रकारानुसार १० ते २५ टक्के, तिथे ते लवकर जमतं. कॅलिफोर्नियात विक्रीकर माफ व्हायला काउंटीचं ओळखपत्र लागतं, डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही. ओळखपत्राची फी १०० डॉलरच्या वर जाऊ शकत नाही आणि मेडि-कॅल (कॅलिफोर्नियाचं मेडिकेड) असेल तर निम्मी होते.

प्रश्न : कार्ड संपून तीन आठवडे झाले. दुकानवाले औषध देत नाहीत.

देणारही नाहीत. नूतनीकरणाला दोन महिने आधी लागायचं. फ्लोरिडात तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र २१० दिवसांचंच असतं, कार्ड वर्षाचं असलं तरी. दोन्ही तारखा फोनमध्ये टाका आणि आज डॉक्टरांची वेळ घ्या.

प्रश्न : मी कोल्हापूरला राहतो. भारतात असं कार्ड मिळतं का?

मिळत नाही. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यात गांजा आणि चरस येतात. शेंड्याशिवायची पानं त्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून पानांपासून केलेली 'विजया'ची आयुर्वेदिक औषधं वैद्यांच्या देखरेखीखाली घेता येतात. महाराष्ट्रात भांगेवर राज्याचा दारूबंदी कायदाही लागू आहे. नोंदणीकृत वैद्यांना भेटा आणि चालू गोळ्या त्यांनाही दाखवा.

प्रश्न : डिसेंबरमध्ये तीन आठवडे पुण्याला जाणार आहे. कार्ड आहे, गमी बरोबर नेल्या तर?

नेऊ नका. राज्याच्या सीमेपलीकडे तुमचं कार्ड सहसा चालत नाही, विमानतळावरची तपासणी तर केंद्राची. मुंबईला कस्टम्सचे लोक बँकॉकहून आलेल्या बॅगांमधून सारखा गांजा काढत असतात, त्यांना तुमच्या डॉक्टरांच्या शिफारशीचं काही घेणं नाही. अगदी कमी प्रमाणालाही वर्षभरापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. रोज घेत असाल तर ते एकदम थांबवल्यावर झोप उडते, चिडचिड होते, म्हणून ते हळूहळू कसं उतरवायचं आणि तीन आठवडे दुखण्यावर दुसरं काय घ्यायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. त्यासाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीची वेळ लागेल, ती आताच मागा.