नोकरी सोडा, पण क्लायंटचे सावकार होऊ नका

प्रश्न: इव्हेंट कंपनीत सात वर्षं प्रॉडक्शन सांभाळतो आहे. नोकरी सोडून फ्रीलान्स काम करावं असं वाटतं. चार महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक आहे, घरकर्जाचा हप्ता चालू आहे, पत्नीचा पगार नियमित आहे. एका जुन्या क्लायंटने वर्षात तीन कार्यक्रम द्यायचा शब्द दिला आहे. उडी मारू का?

उत्तर: मारा, पण या शिलकीवर नको.

या धंद्यात चांगल्या माणसाला कामं मिळतात, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. सात वर्षांत लाइट-साउंडवाल्यापासून व्हेन्यू मॅनेजरपर्यंत सगळे तुम्हाला ओळखतात, हीच तुमची खरी पुंजी आहे. कामं निवडता येतील, सीझनमध्ये पगारापेक्षा जास्त कमाई होईल, आणि कष्टांचा नफा दुसऱ्याच्या खिशात जाणार नाही. ही ओढ मला समजते आणि ती रास्त आहे.

मला भीती आहे ती तुमच्या खात्यातून वाहणाऱ्या दुसऱ्यांच्या पैशाची. एक कार्यक्रम घेऊ. एकूण बजेट 100, त्यात तुमची फी 12, बाकी 88 व्हेंडरचे, म्हणजे मंडप-लाइट-साउंड पुरवणाऱ्यांचे. क्लायंट 50 ॲडव्हान्स देतो आणि उरलेले 50 दोन महिन्यांनी देणार म्हणतो. पण यांतले बहुतेक लोक डिसमँटल होईपर्यंत, म्हणजे सगळं उतरवून होईपर्यंत, पूर्ण पैसे मागतात, आणि त्यांचंही बरोबर आहे, त्यांची माणसं रोजंदारीवर असतात. म्हणजे त्या रात्री 88 द्यायचे, हातात 50. उरलेले 38 तुमच्या घरातून जाणार. 12 मिळवण्यासाठी त्याच्या तिपटीहून जास्त रक्कम दोन महिने अडकली. एकाच महिन्यात असे दोन कार्यक्रम आले तर 76. वर क्लायंटने ‘एलईडी स्क्रीन उशिरा लागली’ म्हणून बिलातून 5 कापले, तर तुमच्या 12 चे 7 उरले. कामं भरपूर असूनही लोक कर्जात जातात ते असे.

म्हणून पहिलं वर्ष पूर्ण कार्यक्रम अंगावर घेऊ नका. दुसऱ्या एजन्सींसाठी शो मॅनेजर किंवा प्रॉडक्शन मॅनेजर म्हणून दिवसाच्या दरावर काम करा. फायदा कमी दिसेल, पण व्हेंडरचा एक पैसाही तुमच्यातून जाणार नाही. दर ठरवताना फक्त शोचे दिवस मोजू नका. दोन दिवसांच्या परिषदेमागे रेकी (जागेची आधीची पाहणी), कोटेशनं, बैठका, सेटअपची रात्र आणि नंतर बिलांचा हिशेब धरून पंधरा दिवस सहज जातात. फी या पंधरा दिवसांची हवी.

दुसरी अडचण तारखांची. सगळ्यांना कार्यक्रम त्याच महिन्यांत, त्याच शनिवार-रविवारी हवे असतात. त्यामुळे कमाईला आपोआप मर्यादा येते, आणि मधले महिने कोरडे जातात. 2020 मध्ये जगभर कार्यक्रम एका झटक्यात बंद पडले, तेव्हा महिन्याकाठी पगार नसलेल्यांना आधी फटका बसला. तशी वेळ रोज येत नाही. पण तारीख पुढे ढकलली गेली की तुमचा तो आठवडा रिकामाच जातो आणि दुसरं कामही नाकारलेलं असतं. करारात रद्द होण्याइतकंच पुढे ढकलण्याचंही शुल्क लिहा, तारीख जवळ येईल तसं वाढणारं.

इतरांना मी सहा महिन्यांची शिल्लक सांगतो, तुम्हाला नऊ सांगेन, आणि त्यात घरकर्जाचा हप्ता धरलेला हवा. पत्नीच्या पगारात हप्ता आणि किराणा भागत असेल तर सहावर तडजोड करू. प्रत्येक फीतून कराचा वाटा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. कंपनीचा आरोग्य विमा सुटण्याआधी स्वतःचा घ्या, आणि पूर्ण कार्यक्रम घ्यायला लागाल तेव्हा सार्वजनिक दायित्वाचा विमाही. ट्रस, म्हणजे लाइट टांगायचा सांगाडा, कोसळून कुणी जखमी झालं तर भरपाईचा दावा थेट तुमच्यावर येऊ शकतो. स्वतःचं लाइट-साउंड विकत घेण्याचा विचार मनात आला तर सध्या सोडून द्या, भाड्याने मिळतं.

आता त्या तीन कार्यक्रमांविषयी. आधी तुमचं नोकरीचं ॲग्रीमेंट काढून वाचा, कंपनीचे क्लायंट ठरावीक काळ घेऊ नयेत अशी अट असते का ते पाहा. अट नसेल, तर त्या क्लायंटकडे दोन गोष्टी लेखी मागा: व्हेंडरची बिलं त्यांनी थेट भरायची, आणि तुमची फी निम्मी बुकिंगला, चाळीस टक्के सेटअपच्या आधी, उरलेली दहा टक्के कार्यक्रमानंतर. दोन्ही मान्य झालं तर ते तीन कार्यक्रम पुढच्या वर्षाच्या हिशेबात धरा. टाळाटाळ झाली तर उत्पन्नाच्या रकान्यात शून्य लिहून मग नोटीस द्यायची की नाही ते ठरवू.